उडत्या तबकडीचा फॉर्म कुठं भरायचा?

फॉर्म भरून देणं हा माझा धंदा. जालना जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला ई-सेवा केंद्र आहे आपलं, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीकविमा, केवायसी, जे म्हणाल ते. त्यामुळं कुठल्या पण सरकारी गोष्टीचं नाव निघालं की माझ्या डोक्यात आधी हेच येतं, याचा फॉर्म कोण भरू शकतं, पोच मिळते का, उत्तर किती दिवसात येतं आणि नाही आलं तर वर कुणाकडं जायचं. अमेरिकेच्या उडत्या तबकड्यांबद्दल मी वाचत बसलो ते ह्याच खोडीमुळं. एलियन-बिलियन आहेत का नाहीत त्यात मला फार रस नाही, असले तर येतील, त्यांना कुणी आधार लिंक करायला सांगितलं नाही. मला रस ह्यात की आकाशात कायतरी दिसलं, काय आहे ते कळलं नाही, तर सरकार त्याची नोंद कशी घेतं आणि त्या नोंदीचं पुढं काय होतं.

तर अमेरिकेच्या संरक्षण खात्यात जुलै 2022 पासून ह्या कामाचं वेगळं ऑफिसच आहे. ऑल-डोमेन अनॉमली रिझोल्यूशन ऑफिस, शॉर्टमध्ये आरो. आमच्याकडं आरो म्हणलं की वीस लिटरचा जार डोळ्यापुढं येतो पण ते असू द्या. पहिला साहेब शॉन कर्कपॅट्रिक म्हणून भौतिकशास्त्राचा माणूस होता, तो 2023 च्या शेवटी गेला, 2024 मध्ये जॉन कोस्लोस्की आले. यूएफओ म्हणलं की लोक हसतात आणि पायलट तोंड उघडत नाहीत, म्हणून आता सरकारी कागदावर सगळीकडं यूएपी, म्हणजे ओळख न पटलेली विचित्र घटना.

ऑक्टोबर 2023 ला त्यांनी वेबसाईटवर फॉर्म टाकला. मी तो धंद्याच्या नजरेनं वाचला आणि हसूच आलं राव. फॉर्म कुणासाठी? आजी-माजी सरकारी कर्मचारी, सैनिक आणि सरकारी ठेकेदार, ते पण ज्यांना 1945 पासूनच्या सरकारच्या असल्या एखाद्या कार्यक्रमाची स्वतःची माहिती आहे तेवढ्यांसाठीच. पायलटला दिसलं तर त्यानं एटीसीला, म्हणजे विमानांना वाट दाखवणाऱ्या कंट्रोल रूमला सांगायचं. आणि तिकडच्या एखाद्या मका लावणाऱ्या शेतकऱ्याला रात्री पाणी देताना दिसलं तर? त्याची सोय पुढं करू, असं लिहिलेलं. म्हणजे पात्रता आणि अपात्रता तिकडं पण आहेच, आपल्यालाच वाटतं आपलंच नशीब फुटकं.

पण एक गोष्ट त्यांनी कायद्यात घातलीय आणि तिथं माझी टोपी निघाली. संरक्षण खर्चाचा कायदा तिकडं दरवर्षी होतो, डिसेंबर 2021 मध्ये झाला त्यात लिहिलंय की ह्या विषयाचा रिपोर्ट दरवर्षी संसदेला द्यायचा. गुप्त भाग वेगळा ठेवतात, पण जो लोकांना दाखवण्यासारखा आहे तो छापतात, कुणीपण वाचावा. मी पण वाचला, जालन्यात बसून.

नोव्हेंबर 2024 चा रिपोर्ट घ्या. 1 मे 2023 ते 1 जून 2024 ह्या काळात त्यांच्याकडं 757 नोंदी आल्या, त्यातल्या 272 जुन्याच होत्या पण उशिरा पोचलेल्या (उशिरा पोचणारे अर्ज, अहाहा, माझ्या ओळखीचा विषय). 118 प्रकरणं सुटली, फुगे, पक्षी, ड्रोन असलंच काय काय निघालं. आणखी 174 सुटल्यात जमा, फक्त वरच्या सहीला थांबलेली. 21 अशी की हे जरा नीट बघावं लागेल म्हणून बाजूला काढली. आणि राहिली 444, त्यात माहितीच पुरेशी नाही म्हणून फाईल ठेवून दिली, पुढं कधी काही मिळालं तर उघडू. मला ह्यातला 444 हा आकडा सगळ्यात खरा वाटला. अर्ध्याच्या वर अर्ज त्रुटीत! तारीख नाही, दिशा नाही, किती उंचीवर होतं ते नाही, फक्त लाईट दिसला एवढंच. माझ्या काउंटरवर पण असंच असतं, माणूस येतो, म्हणतो माझं अनुदान आलं नाही, कुठल्या वर्षाचं, कुठल्या बँकेत, काय पत्ता नाही. म्हणून त्याचं अनुदान खोटं ठरत नाही आणि खरं पण ठरत नाही.

एवढं सरळ सांगायची अक्कल त्यांना पहिल्यापासून होती असं अजिबात नाही. 1947 पासून त्यांच्या हवाई दलानं हे काम केलं, आधी प्रोजेक्ट साइन, मग ग्रज, मग 1952 पासून ब्लू बुक. 1969 ला बंद करेपर्यंत 12,618 नोंदी जमल्या होत्या आणि त्यातल्या 701 चा उलगडा झालेला नव्हता. पण ह्यात मला सगळ्यात भारी वाटलेला किस्सा 1966 चा. मिशिगन राज्यात मार्च महिन्यात लोकांना रात्री लाईट दिसायला लागले, पोलिसांना पण दिसले, गावंच्या गावं रस्त्यावर. हवाई दलानं आपला सल्लागार पाठवला, जे. ॲलन हायनेक, चांगला खगोलशास्त्रज्ञ माणूस. त्यानं पत्रकारांना सांगितलं की काही ठिकाणी हा दलदलीतला गॅस असू शकतो. झालं! लोक असे भडकले की विचारू नका, म्हणजे आम्ही काय येडे का, आमच्या दलदली आम्हाला माहीत नाहीत का. तिथला खासदार होता जेराल्ड फोर्ड, तोच जो पुढं राष्ट्राध्यक्ष झाला, त्यानं पत्र लिहून चौकशीची मागणी केली आणि एप्रिलमध्ये संसदेच्या समितीपुढं सुनावणी लागली. गॅस असेल पण, मला माहीत नाही का विहिरीतून काय काय निघतं ते. पण लोकांचा राग गॅसवर नव्हताच, आमचं नीट न ऐकता साहेबानं उत्तर फेकलं ह्यावर होता.

ब्लू बुक बंद झाल्यावर मोठी सामसूम. संसदेत ह्या विषयावर परत उघडी सुनावणी झाली ती पन्नासच्या वर वर्षांनी, 17 मे 2022 ला. मधल्या काळात सेनेटर हॅरी रीड यांनी सव्वादोन कोटी डॉलरच्या आसपासचा एक गुपचूप कार्यक्रम चालवायला लावला होता, तो डिसेंबर 2017 ला पेपरात आला, सोबत लढाऊ विमानांतून काढलेले व्हिडिओ आले आणि मग झाकून ठेवणं अवघड झालं. एप्रिल 2020 ला पेंटॅगॉननं, म्हणजे त्यांच्या संरक्षण खात्यानं स्वतःच तीन व्हिडिओ अधिकृत म्हणून टाकले. जून 2021 ला पहिला रिपोर्ट आला, नऊच पानांचा. 2004 पासूनच्या 144 नोंदी आणि त्यातली फक्त एक नक्की सुटलेली, ती म्हणजे हवा जाणारा मोठा फुगा. जगभरच्या चॅनेलवाल्यांनी 143 धरून बोंब मारली. आपल्याकडच्या पण. लाल गोल, बाण, ढँण ढँण म्युझिक.

त्या तीन व्हिडिओतल्या एकाला गोफास्ट म्हणतात, 2015 चा. समुद्राच्या पाण्याला घासून एक पांढरा ठिपका सुसाट जाताना दिसतो, पायलट लोकं ओरडायलेत आनंदानं. मी पण तो पंचवीसदा तरी बघितला असेल. नोव्हेंबर 2024 ला कोस्लोस्कींनी सेनेटपुढं त्याचं गणित सांगितलं, ठिपका पाण्याजवळ नव्हताच, साधारण 13,000 फुटांवर होता, आणि वेग जो दिसतो तो बराचसा बघणाऱ्या विमानाचा. एसटीत खिडकीजवळ बसलं की रस्त्याकडंची बाभळ कशी पळत मागं जाते, तसं. पण हे सांगायला त्यांना किती वर्षं लागली बघा, तोवर त्या ठिपक्यावर लोकांची आख्खी यूट्यूब चॅनेलं उभी राहिली.

2023 मध्ये दोन गोष्टी झाल्या, एकीचा गाजावाजा झाला आणि दुसरी माझ्या मते जास्त कामाची. गाजलेली म्हणजे 26 जुलैची सुनावणी. डेव्हिड ग्रश नावाचा गुप्तचर खात्यातला माजी अधिकारी शपथेवर म्हणाला की सरकारकडं परक्यांची पडलेली यानं आहेत आणि दशकानुदशकं ते लपवलंय. स्वतः बघितलं का? तर नाही, ज्यांनी बघितलं असं सांगितलं त्यांच्याशी बोललो. मार्च 2024 ला आरोनं जुने कागद उकरून रिपोर्ट काढला की असला काही पुरावा सापडला नाही, उलट काही लोकांनी खरोखरच्या गुप्त संरक्षण प्रकल्पांनाच एलियनचं काम समजलं. आता ह्यावर काही लोक म्हणणार की चौकशी करणारा कोण, तर त्यांचंच खातं. ह्यात तथ्य आहे. आमच्याकडं पण ग्रामसेवकाची तक्रार केली की चौकशीला त्याच्याच पंचायत समितीतला माणूस येतो.

दुसरी गोष्ट फेब्रुवारीतली. चीनचा तो मोठा फुगा अमेरिकेवरून तरंगत गेला आणि 4 फेब्रुवारीला त्यांनी समुद्रावर पाडला. त्यानंतर लगेच 10, 11 आणि 12 तारखेला आणखी तीन वस्तू पाडल्या. अचानक एवढ्या कुठून आल्या? तर त्यांच्याच जनरलनं सांगितलं की रडारची चाळणी आम्ही बदलली. आधी सावकाश चालणाऱ्या बारीक गोष्टी रडार कचरा म्हणून गाळून टाकायचं, आता त्या दिसायला लागल्या. आकाश तेच होतं, बघायची पद्धत बदलली.

हे वाचलं आणि मला आमचं 2024 आठवलं. मराठवाड्यातल्या लोकांना सांगायला नको, पावसाळ्याच्या तोंडाला जालना, बीड, संभाजीनगरच्या गावागावांत रात्री ड्रोन फिरायला लागले म्हणून जी धांदल उडाली ती. अधिवेशनात सुद्धा विषय निघाला होता. कुणी म्हणायचं चोर टेहळणी करायलेत, ज्या घरावर ड्रोन थांबला तिथं दोन दिवसांनी चोरी होते. कुणी म्हणायचं सरकारचा गुपचूप सर्व्हे आहे. आमच्या गावात पोरांची गस्त लागली, काठ्या, शिट्ट्या, बॅटऱ्या, रात्री मोटारसायकलवर अनोळखी माणूस दिसला की अडवून दहा प्रश्न. व्हॉट्सॲपवर तर एकच व्हिडिओ पाच तालुक्यांच्या नावानं फिरत होता.

एका रात्री मी गावी होतो, आमचे चुलते, तात्या म्हणतो आम्ही, पत्र्यावर चढून बसलेले. मला म्हणाले, "त्यो बघ, लाल लाईट लुकलुक करायलाय. आता सांग ड्रोन नाही म्हणून." मी फोनवर विमानं दाखवणारं ॲप उघडलं, हैदराबादकडं चाललेलं प्रवासी विमान होतं, नंबरासकट दाखवलं. तात्यांनी ते बघितलं, चष्मा वर केला, परत बघितलं. मग म्हणाले, "बरं, हे इमान. अन् मंग ह्यो कामून दिसंना तुझ्या फोनात?" आणि गावाच्या खालच्या अंगाला बोट केलं. तिथं कपाशीच्या वावरावर एक पांढरा लाईट, लई खाली, एका जागी थांबलेला. आवाज येत होता का नव्हता त्यावर पत्र्यावरच्या चार जणांचे चार मतं. थोड्या वेळानं तो वढ्याच्या बाजूला सरकला आणि झाडाआड गेला. ॲपमध्ये तिथं काहीच नव्हतं.

पोरांनी फोन लावला. हद्दीतल्या ठाण्याची गाडी आली, चांगले होते बिचारे, दोनच माणसं आणि कितीतरी गावं. ते म्हणाले अफवांवर विश्वास ठेवू नका, गस्त वाढवलीय. पोरगं म्हणालं, साहेब अफवा नाही, आत्ता बघितलं, वेळ पण सांगतो, नोंद घ्या. तर नोंद कशात घ्यायची? चोरी झाली नाही, कुणाला लागलं नाही. गाडी गेली, विषय संपला. मिशिगनवाल्यांना निदान गॅस तरी मिळाला, आम्हाला ते पण नाही.

गंमत अशी की ड्रोन उडवायचा असेल तर आपल्याकडं नियम कडक लिहिलेले आहेत. 25 ऑगस्ट 2021 चे ड्रोन नियम, त्यात सरकारनं आधीचे 25 फॉर्म कमी करून 5 वर आणले, मी त्यावेळी मनापासून टाळी वाजवली होती. ड्रोनला नंबर पाहिजे, नकाशावर हिरवा, पिवळा, लाल झोन आहेत, कुठं परवानगी लागते कुठं नाही सगळं ठरलेलं. आता फवारणीचे ड्रोन आलेत, गावठाणाच्या मोजणीला पण ड्रोनच आले होते आणि सनद मिळाली म्हणून लोकांनी पेढे वाटले. उडवणाऱ्यासाठी फॉर्म आहे. खालून बघणाऱ्यासाठी नाही.

आणि भारतात नोंदीतून उत्तर निघतच नाही असं म्हणायची सोय नाही, कारण लडाखचं उदाहरण आहे, आणि ते मला अमेरिकेच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त आवडतं. 2012-13 च्या हिवाळ्यात पँगाँग तलावाच्या वर जवानांना चमकत्या वस्तू दिसायच्या. संशय चिनी ड्रोनचा. जवानांनी काय केलं, तर प्रत्येक वेळी लिहून ठेवलं. 329 नोंदी झाल्या, त्यातल्या 155 वेळा वस्तू ताबारेषा ओलांडून आल्याचं लिहिलेलं. मग बंगळूरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला बोलावलं, त्यांनी ह्या वस्तू ताऱ्यांच्या तुलनेत कशा सरकतात ते बघायला लावलं, आणि निघालं काय? गुरू आणि शुक्र! तिथल्या विरळ हवेत ते एवढे झगझगीत दिसतात की शहरातल्या माणसाला ओळखू यायचे नाहीत. आता ह्यात जवानांची टिंगल करणारे लई झाले त्यावेळी. पण मी म्हणतो, त्यांनी 329 वेळा लिहिलं म्हणून तर उत्तर निघालं. नुसतं "परवा रात्री कायतरी दिसलं" एवढ्यावर कुठला शास्त्रज्ञ काय सांगणार.

आता उलटं उदाहरण. 19 नोव्हेंबर 2023, रविवार, इंफाळ विमानतळ. दुपारी धावपट्टीच्या वर वस्तू दिसली, विमानं थांबवली, काही वळवली, हवाई दलानं शोधायला राफेल पाठवली. तीन-एक तास विमानतळ ठप्प. हवाई दलानं तेव्हा सांगितलं की आम्ही यंत्रणा कामाला लावली, वस्तू पुढं दिसली नाही. सुरक्षेचा मामला आहे, सगळं सांगणार नाहीत हे मला समजतं. पण तपास करून एवढं एवढं निघालं, किंवा काही निघालं नाही, असा वर्षाच्या शेवटी एक परिच्छेद? आपल्याकडं असा परिच्छेद लिहायची सक्ती कुणावर नाही.

फ्रान्समध्ये बघा, 1977 पासून त्यांच्या अंतराळ संस्थेतच ह्याचं ऑफिस आहे, तूलूझ शहरात, आता त्याला जेपान म्हणतात. गावातला माणूस जाऊन पोलिसाकडं जबाब देतो, तो जबाब ह्या ऑफिसात जातो, ते ए, बी, सी, डी असा शेरा मारतात, ए म्हणजे नक्की कळलं, सी म्हणजे माहिती अपुरी, डी म्हणजे तपास करून पण कळलं नाही. आणि 2007 पासून फायली ऑनलाईन. अमेरिकेची चर्चा जास्त होते पण माझं मत विचाराल तर फॉर्म फ्रान्सचा चांगला.

आपल्याकडं पण आकाशातल्या गोष्टीची आधी सूचना देणारी एक सरकारी संस्था आहे आणि ती मराठवाड्याला चांगली ठाऊक असायला पाहिजे. हैदराबादला टीआयएफआरचं, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. तिथून रात्री-पहाटे प्रचंड मोठे पातळ प्लास्टिकचे फुगे सोडतात, हायड्रोजन भरलेले, 50 ते 85 मीटर व्यासाचे, 30 ते 42 किलोमीटर वर जातात. काम झालं की उपकरणं पॅराशूटनं खाली येतात आणि ती येऊ शकतात अशा जिल्ह्यांच्या यादीत आपले नांदेड, लातूर, परभणी, धाराशिव असतात. सोडायच्या आधी जिल्हा प्रशासनाला कळवतात, पेपरात बातमी येते. त्यात लिहिलेलं असतं की सापडलं तर हात लावू नका, आत जास्त दाबाची वीज असू शकते, जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा पोस्टाला कळवा, उपकरणावरच पत्ता आणि फोन आहे, कळवायचा खर्च आणि बक्षीस देऊ. वाचा परत एकदा. काय दिसेल, कधी दिसेल, कुणाला सांगायचं, सांगितल्यावर तुम्हाला काय मिळेल. ज्यानं कुणी हा मजकूर लिहिलाय त्याला माझा नमस्कार, माझ्या केंद्रात येणारे अर्धे जीआर असे लिहिलेले असते तर मी लवकर जेवायला घरी गेलो असतो.

2022 च्या पाडव्याला संध्याकाळी आकाशातून जळते गोळे गेले, आख्ख्या महाराष्ट्रानं बघितले, चंद्रपुरात सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी रिंग पडली, चिनी रॉकेटचा टप्पा निघाला. ते उत्तर लवकर आलं कारण तुकडा हातात होता. ड्रोनचा तुकडा आमच्या गावात कुणाला सापडला नाही.

तर ते गस्तीतलं पोरगं, ज्यानं साहेबांना वेळ सांगतो म्हणलं होतं, ते मध्यंतरी केंद्रावर आलं. म्हणलं दादा, माहिती अधिकाराचा अर्ज टाकायचाय. मी खूश झालो, असं गिऱ्हाईक रोज येत नाही. दोघांनी बसून मजकूर केला, लांबड न लावता: ह्या कालावधीत आपल्या ठाण्याच्या हद्दीत ड्रोनसारख्या वस्तू दिसल्याचे किती फोन आले, गावनिहाय तारखा, त्यातल्या कितींचा उलगडा झाला आणि काय निघालं. दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावलं. उत्तर मुदतीत आलं, हे कबूल करायला पाहिजे. एका ओळीचं: मागितलेली माहिती एकत्रित स्वरूपात ठेवली जात नाही.

पोरगं चिडलं होतं, फाडून टाकतो म्हणत होतं. मी म्हणलं थांब, हाच तर कामाचा कागद आहे. फोन आल्याच्या नोंदी कुठंतरी असणारच, एकत्र केल्या नसतील तर तपासणीला उघडून दाखवा, आम्ही बसून मोजतो, असं पहिल्या अपिलात लिहिलं. रजिस्टर पोस्ट आता बंद झालंय म्हणून स्पीड पोस्टानं पाठवलं, पोच पावती त्याच्या फायलीत लावून दिली. सुनावणीची तारीख लागली की मी पण जाणार आहे, दुकान त्या दिवशी दुपारनंतर उघडेल, पीकविम्यावाल्यांनी सकाळी चक्कर मारू नये.